डी विंगचे चौदा थकबाकीदार

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात डी-702 च्या आजी. एका हातात मेंटेनन्सचं बिल, दुसऱ्या हातात बँकेचं पासबुक.

"हे वाच रे जरा. मला चष्म्याचा दोष वाटतोय."

दोष चष्म्याचा नव्हता. बिलावर एकूण देय रक्कम होती 14,806 रुपये. चालू महिन्याचे 4,850, मागील बाकी 9,785 आणि त्यावर व्याज 171. आजी दर महिन्याच्या तीन तारखेच्या आत चेक टाकतात. पासबुकात मार्चचे 4,850 वळते झालेले स्वच्छ दिसत होते. वर कहर म्हणजे लिफ्टशेजारच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लागली होती आणि त्यात आजींचं नाव होतं. बिलापेक्षा त्यांना ते जास्त लागलं होतं.

मी कमिटीत नाही. पण घोडबंदर रोडवरच्या या घरातून ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, मग दिवसभर एक्सेल, हा माझा पंधरा वर्षांचा दिनक्रम सोसायटीला माहीत आहे. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी बेल माझीच वाजते. दुपारपर्यंत अशीच बिलं घेऊन आणखी पाच जण येऊन गेले. सगळे डी विंगचे, आणि सगळे वेळेवर पैसे भरणारे. संध्याकाळी मी खजिनदार काकांकडे गेलो, त्यांचा लॅपटॉप उघडला आणि पुढचे तीन तास तिथेच बसलो. त्या तीन तासांत जे सापडलं आणि पुढच्या महिन्याभरात जे बदललं, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण खाली सरकलं की रकान्यांची शीर्षकं दिसेनाशी होणारी अशी एक्सेल शीट ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमध्ये असणार.

शीट कशी होती

चार विंग, प्रत्येकी अकरा मजले, मजल्यावर तीन फ्लॅट. म्हणजे 132 सभासद आणि तेवढ्याच ओळी. पहिल्या ओळीत सोसायटीचं नाव, मोठ्या ठळक अक्षरात. दुसरीत पत्ता आणि नोंदणी क्रमांक, तिसरीत 'मासिक आकारणी व वसुली पत्रक'. चौथ्या ओळीत सेल एकत्र करून दोन मोठी शीर्षकं, 'आकारणी' आणि 'वसुली'. खरे रकाने पाचव्या ओळीत. माहिती सुरू होते सहाव्या ओळीपासून आणि डी विंगचा पहिला फ्लॅट येतो 105 व्या ओळीत. आजींचा 124 व्या.

रकाने अठरा. ए, बी, सी मध्ये अनुक्रमांक, फ्लॅट आणि नाव. त्यानंतर सेवाशुल्क, पाणी, टँकर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग, बिनभोगवटा शुल्क, अशी बिलातली सगळी कलमं. के मध्ये या सगळ्यांची बेरीज, 'चालू एकूण'. एल मध्ये मागील बाकी, एम मध्ये तिच्यावरचं व्याज, एन मध्ये 'एकूण देय'. ओ मध्ये जमा रक्कम, मग तारीख, चेक किंवा यूपीआय क्रमांक आणि शेवटी आर मध्ये शिल्लक.

के आणि एन हे दोन रकाने लक्षात ठेवा. ज्याची काही बाकी नाही, त्याच्या ओळीत या दोन्हीत एकच आकडा असतो. 4,850 आणि 4,850. जुळे भाऊ. दोघांच्या उजवीकडचा सेलही रिकामा दिसतो. एन च्या उजवीकडचा ओ रिकामा असतो कारण पैसे अजून नोंदवलेले नसतात. के च्या उजवीकडचा एल रिकामा दिसतो कारण तिथे शून्य असतं, आणि शून्यांची रांग डोळ्यांना खुपते म्हणून ती कुणीतरी फॉरमॅटमधून लपवली होती. वर शीर्षक दिसत असेल तर अडचण काहीच नाही. शीर्षक दिसेनासं झालं की 'बेरजेच्या शेजारचा रिकामा सेल' एकाच ओळीत दोन ठिकाणी सापडतो.

आणि 105 व्या ओळीत शीर्षक दिसत नव्हतं. काकांच्या चौदा इंची लॅपटॉपवर झूम 130 टक्के, कारण मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं बाकी आहे. त्या झूमला जेमतेम वीस-बावीस ओळी मावतात आणि आडवे रकाने ए पासून एल पर्यंत. खाली सरकलं की ए विंगमध्येच पाचवी ओळ नजरेआड.

मार्चमध्येच का झालं

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळत होता. काका चार वर्षं हीच शीट भरत होते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेला माणूस, आकड्यांच्या बाबतीत माझ्याहून काटेकोर. मग आताच काय झालं?

झालं होतं टँकरमुळे. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना उन्हाळ्याची चाहूल आंब्याआधी टँकरने लागते. कमिटीने मार्चपासून टँकरचा खर्च वेगळा दाखवायचं ठरवलं आणि पाण्याच्या पुढे एक नवा रकाना घातला. त्याच्या उजवीकडचं सगळं एकेक घर सरकलं. तोवर जमा रक्कम एन मध्ये जायची, आता ओ मध्ये जाऊ लागली. काकांच्या लॅपटॉपच्या कडेला 'जमा = एन' अशी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती खोटी ठरल्यावर त्यांनी ती काढून टाकली आणि अक्षरांवर विसंबणंच सोडलं. नवी खूणगाठ सोपी होती: बेरजेचा आकडा शोधायचा, त्याच्या शेजारच्या रिकाम्या घरात रक्कम टाकायची.

ए, बी, सी विंगला ही खूणगाठ चालून गेली. तिथली बहुतेक कुटुंबं सुरुवातीपासूनची, काकांना फ्लॅट नंबरही पाठ. बँकेच्या स्टेटमेंटवर नाव दिसलं की ओळ कितवी हे त्यांच्या बोटांना माहीत. त्यामुळे शीट एकदा उजवीकडे सरकवली, ओ समोर आणला, की ती तशीच ठेवून ते खाली खाली जात राहिले. डी विंगचं तसं नाही. तिथले पुष्कळ फ्लॅट पुन्हा विकले गेलेत, नावं नवी आहेत, यूपीआयवर दिसणारं नाव बायकोचं किंवा मुलाचं असतं. प्रत्येक नोंदीला काकांना नावाचा रकाना बघायला अगदी डावीकडे यावं लागलं. डावीकडे आलं की पडद्यावर ए ते एल. शेवटून दुसऱ्या रकान्यात 4,850, त्याच्या शेजारी, पडद्याच्या अगदी कडेला, एक रिकामं घर. तिथे रक्कम पडली.

मार्चमधल्या त्या बैठकीत काकांच्या हातून डी विंगच्या वीस नोंदी झाल्या. चौदा चुकल्या, सहा बरोबर. त्या सहा बरोबर का आल्या, हे बघितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. त्या सहाही जणांची जुनी थकबाकी होती. त्यांच्या एल मध्ये आधीच आकडा होता, घर भरलेलं होतं, म्हणून काका आणखी उजवीकडे गेले आणि बरोबर ओ मध्ये पोचले. म्हणजे जे खरे थकबाकीदार, त्यांचे पैसे नीट जमा झाले, आणि ज्यांनी एक रुपया कधी ठेवला नाही ते चौदा जण फलकावर चढले. डी विंगचे उरलेले तेरा महिनाअखेरीस भरणारे. त्यांच्या नोंदी सेक्रेटरी ताईंनी केल्या. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक नोंदीला शीट वरपर्यंत नेऊन शीर्षक बघायचं आणि परत खाली यायचं. वेळ चौपट, चूक शून्य.

चूक पचली कशी

एक ओळ पूर्ण मांडून दाखवतो. आजींच्या एल मध्ये 4,850 पडले. आमच्याकडे व्याज वर्षाला 21 टक्के, म्हणजे महिन्याला 1.75. एम मधल्या सूत्राने लगेच 85 रुपये व्याज लावलं. एन झाला 4,850 अधिक 4,850 अधिक 85, म्हणजे 9,785. ओ रिकामा, त्यामुळे शिल्लकही 9,785. एप्रिलच्या शीटमध्ये हीच शिल्लक 'मागील बाकी' म्हणून चिकटवली गेली, तिच्यावर पुन्हा 171 रुपये व्याज, आणि नवं बिल 14,806. भरलेले पैसे आजींच्या अंगावर कर्ज म्हणून उलटले होते.

इथे आणखी एक गोष्ट हाती लागली, जिचा शीर्षकांशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के व्याज घेता येतं, पण ते सरळव्याज. आमची शीट शिल्लक पुढे नेताना त्यात व्याजही मिसळत होती आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावर व्याज लावत होती. खऱ्या थकबाकीदारांनाही जास्तीची आकारणी होत होती, तीही किती महिने देव जाणे. त्याचं निस्तरणं अजून चालू आहे.

चौदापैकी नऊ जणांचं बिल 4,850, पाच जणांकडे गाडी असल्याने 5,350. सगळे मिळून 70,400 रुपये एल मध्ये गेले होते. ओ ची बेरीज तेवढ्यानेच कमी आली होती, आणि बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा लावताना ते दिसलंही होतं. बँकेत 70,400 जास्त. काकांनी आणि कमिटीने काय केलं? ती रक्कम उचंत खात्यात टाकली. "कमी असते तर झोप उडाली असती," काका म्हणाले. "जास्त आहेत म्हटल्यावर वाटलं, कुणीतरी नाव न टाकता भरलेत, येईल विचारत." उचंत खातं ही आपल्याकडची माळ्यावरची ट्रंक आहे. कुठे ठेवावं कळत नाही ते तिथे.

मला उलगडा झाला तो एका साध्या ताळ्याने. फेब्रुवारीच्या शिल्लक रकान्याची बेरीज आणि मार्चच्या मागील बाकीची बेरीज एकच यायला हवी. तशी ती येत नव्हती. फरक 70,400. तोच आकडा उचंत खात्यात. एकच आकडा दोन ठिकाणी भेटला की हिशेबनीस खुर्चीत सरळ होऊन बसतो. एल आणि फेब्रुवारीचा आर शेजारी ठेवले आणि पाच मिनिटांत चौदा ओळी लाल केल्या. 31 मार्चला सोसायटीचं सभासदांकडून येणं 1,42,035 रुपयांनी फुगलेलं होतं. रक्कम दुप्पट धरली गेली आणि वर 1,235 व्याज.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या स्टोअर्सच्या लेजरला प्रत्येक पानावर रकाने छापलेले असायचे रे. पान उलटलं तरी वर लिहिलेलं असायचं, आवक, जावक, शिल्लक. हे एकच लांबच लांब पान. याला वर काय लिहिलंय ते कुणी लक्षात ठेवायचं?"

त्यांचं दुखणं जुनंच आहे. 1979 साली घरगुती संगणकावर पहिली स्प्रेडशीट आली, व्हिजिकॅल्क. तिच्यातही शीर्षकं जागच्या जागी धरून ठेवायची आज्ञा होती, नाव 'टायटल्स'. तेव्हा सगळी शीट 254 ओळींची. एक्सेलमध्ये 2007 पासून 10,48,576 ओळी आणि 16,384 रकाने आहेत. सोय पहिल्या दिवसापासून होती. आमच्या शीटमध्ये ती कुणी चालू केलेली नव्हती, एवढंच.

दुरुस्तीचे तीन फसलेले प्रयत्न

खरं तर मी आजारी असल्याचं निमित्त करून दूर राहायला हवं होतं, पण रविवारी कमिटीतल्या एका उत्साही मुलाने मला न विचारता शीट 'फ्रीज' केली, म्हणजे शीर्षकं जागच्या जागी धरून ठेवायची हीच सोय चालू केली, आणि ग्रुपवर अंगठा टाकला.

त्याने व्ह्यू मध्ये जाऊन 'फ्रीज टॉप रो' निवडलं होतं. नाव ऐकून कुणीही तेच निवडेल. पण ते गोठवतं फक्त सर्वांत वरची एक ओळ. आमची वरची ओळ म्हणजे सोसायटीचं नाव. त्यामुळे शीट कितीही खाली नेली तरी सोसायटीचं नाव ठामपणे वर आणि रकान्यांची नावं नेहमीप्रमाणे गायब. आपण कुठल्या सोसायटीत राहतो याबद्दल मात्र कुणाच्या मनात शंका उरली नाही.

चूक कळल्यावर त्याने डोकं चालवलं. शीट थोडी वर सरकवली, पाचवी ओळ पडद्याच्या माथ्यावर आणली आणि पुन्हा 'फ्रीज टॉप रो'. आता शीर्षकं बरोबर थांबली. पण एक ते चार या ओळी गेल्या. पुसल्या गेल्या नव्हत्या, गोठवलेल्या रेषेच्या वर अडकल्या होत्या, जिथे स्क्रोल करून पोचताच येत नाही. सोमवारी सकाळी सेक्रेटरी ताईंचा फोन, "लेटरहेड कुणी डिलीट केलं?" अनफ्रीज पेन्स केल्याबरोबर चारही ओळी हजर. हे मुद्दाम सांगतो, कारण 'फाइल खराब झाली' म्हणून जुन्या बॅकअपवर गेलेली माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत. एक्सेल गोठवताना शीटची सुरुवात कुठे आहे ते बघत नाही, पडद्यावर काय दिसतंय ते बघतं. म्हणून आधी कंट्रोल-होम दाबून अगदी वर यायचं आणि मगच पुढचं.

तिसरा प्रयत्न माझा, आणि तोही फसला हे कबूल करतो. मी पुस्तकात लिहितात तसंच केलं. वर आलो, डी6 या सेलवर क्लिक केलं आणि व्ह्यू मधून 'फ्रीज पेन्स'. कीबोर्डवरून आल्ट, मग डब्ल्यू, एफ, एफ. निवडलेल्या सेलच्या वरच्या सगळ्या ओळी आणि डावीकडचे सगळे रकाने जागच्या जागी थांबतात. डी6 निवडला की पाच ओळी आणि अनुक्रमांक, फ्लॅट, नाव हे तीन रकाने. माझ्या मॉनिटरवर दृष्ट लागावी असं दिसत होतं. काकांच्या लॅपटॉपवर उघडलं तर वरच्या पाच ओळींनी जवळजवळ अर्धा पडदा खाल्लेला. सोसायटीच्या नावाची ओळच तीन ओळींएवढी उंच, आणि नावाचा रकाना इतका रुंद की 'सौ.' पासून आडनावापर्यंत सगळं मावावं. मधे एका खिडकीएवढ्या जागेत आकडे हलत होते. फोनवर तर काहीच हलेना. गोठवलेला भाग पडद्याहून मोठा झाला की सरकायला उरतंच काय?

शेवटी काय केलं

शीटचा माथा उतरवला. सोसायटीचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक हे सगळं छपाईच्या हेडरमध्ये हलवलं. ते कागदावर हवं असतं, रोजच्या नोंदीत त्याचा उपयोग नाही. 'आकारणी' आणि 'वसुली' ही एकत्र केलेली शीर्षकं काढून त्यांच्या जागी दोन रंग दिले, आकारणीचे रकाने फिकट पिवळे, वसुलीचे फिकट हिरवे. आता शीर्षकांची ओळ एकच, पहिली. अनुक्रमांक काढून टाकला. फ्लॅट नंबर असताना तो कशाला लागत होता, याचं उत्तर कमिटीत कुणाकडेच नव्हतं. पहिला रकाना फ्लॅट, दुसरा नाव, तेही निम्म्या रुंदीचं. सी2 वर क्लिक, फ्रीज पेन्स. 130 टक्के झूमलाही एकोणीस ओळी दिसतात आणि डोक्यावर शीर्षक, डाव्या हाताला फ्लॅट आणि नाव. मुळात काका डावीकडे धावत होते ते नावासाठी. नाव जागेवर थांबल्यावर ते धावणंच संपलं. डी विंगपुरतं बोलायचं तर मला वाटतं शीर्षकापेक्षा या दोन रकान्यांनी जास्त काम केलं.

कंट्रोल-टी करून टेबल का केलं नाही, असं माझ्या ऑफिसातल्या एकाने विचारलं. टेबलमध्ये खाली गेलं की शीर्षकं आपोआप ए, बी, सी या अक्षरांच्या जागी येतात, छान सोय आहे. पण ती टेबलातला एखादा सेल निवडलेला असेल तोवरच, आणि डावीकडचे रकाने ती धरून ठेवत नाही. आम्हाला दोन्ही बाजू हव्या होत्या.

जुळ्या भावांचीही नावं बदलली. 'चालू एकूण' आता 'या महिन्याची आकारणी' आहे, आणि 'जमा' रकाना ठळक हिरवा. लपवलेली शून्यं परत दिसू लागली. मागील बाकी आता हाताने चिकटवायची नाही, फ्लॅट नंबरवरून मागच्या महिन्याच्या शीटमधून सूत्राने येते.

मग एक गैरसमज निघाला. काकांना वाटत होतं, फ्रीज केलं म्हणजे आता त्या भागात कुणी ढवळाढवळ करू शकणार नाही. फ्रीजमध्ये ठेवलेलं टिकतं, तसं. फ्रीज पेन्सने तो भाग फक्त पडद्यावर जागच्या जागी राहतो, त्यात लिहिणं थांबत नाही. लिहिणं थांबवायला शीट प्रोटेक्ट करावी लागते. जमा, तारीख आणि चेक क्रमांक हे तीन रकाने आधी फॉरमॅट सेल्समधून 'लॉक्ड'ची खूण काढून मोकळे केले, मग रिव्ह्यू मधून प्रोटेक्ट शीट. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. प्रोटेक्ट केलेल्या शीटमध्ये टॅब दाबला की कर्सर फक्त मोकळ्या सेलमध्येच उडी मारतो. जमा, टॅब, तारीख, टॅब, चेक नंबर, टॅब, आणि पुढच्या फ्लॅटचा जमा. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी पहिल्या दिवशी उगाचच सगळी शीट टॅबने फिरून पाहिली.

मे महिन्यात दोनदा तक्रार आली की फ्रीज आपोआप जातंय. पहिल्यांदा नवीन महिन्याची शीट करताना सगळं कॉपी करून कोऱ्या शीटवर चिकटवलं होतं. फ्रीज त्या त्या शीटचं असतं, मजकुराबरोबर ते येत नाही. शीटच्या नावावर राइट क्लिक करून 'मूव्ह ऑर कॉपी' मधून प्रत काढली तर येतं. दुसऱ्यांदा काकांनी उजव्या कोपऱ्यातलं पेज लेआउटचं बटण दाबलं होतं, पानं कशी दिसतात ते बघायला. एक्सेलने विचारलं होतं की या दृश्यात फ्रीज चालत नाही, काढू का. काकांनी ओके दाबलं होतं. "ते नेहमीच काहीतरी विचारत असतं," हे त्यांचं स्पष्टीकरण, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

फोनवरचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. फाइल गुगल शीट्सवर टाकली तर फ्रीज तिच्याबरोबर जातं, आणि तिथे संगणकावर कोपऱ्यातली जाड राखाडी रेघ ओढूनही ते कमी-जास्त करता येतं. पण उभ्या फोनवर दोन रकाने थांबले की आकड्यांना अरुंद पट्टी उरते. सेक्रेटरी ताई फोन आडवा धरतात. काकांना मी फोनवरून नोंदी करूच नका असं सांगितलंय.

कागदावर

फ्रीज पडद्यापुरतं. छापताना त्याचा काही संबंध नाही, हे आम्हाला ऑडिटसाठी प्रिंट काढल्यावर आठवलं. चार पानं निघाली, रकान्यांची नावं पहिल्यावर, पुढच्या तीन पानांवर नुसते आकडे. पेज लेआउट मध्ये 'प्रिंट टायटल्स', तिथे 'रोज टू रिपीट अॅट टॉप' या चौकटीत पहिली ओळ निवडायची, मग प्रत्येक पानावर शीर्षक येतं. त्या मुलाने हे छपाईच्या पूर्वदृश्यातून उघडलं आणि चौकट करडी पडलेली बघून 'आपल्या एक्सेलमध्ये ही सोय नाही' असं जाहीर केलं. तिथून ती करडीच असते. पेज लेआउट च्या पट्टीवरून उघडली की चालते.

चौदा जणांची मार्चची नोंद दुरुस्त झाली, दोन्ही महिन्यांचं व्याज रद्द झालं, उचंत खातं रिकामं झालं. कमिटीने सभेत ठराव घेतला आणि फलकावर दिलगिरीची सूचना लावली. आजींनी ती सूचना यादी होती त्याच जागेवर, तेवढेच दिवस राहील याची जातीने खात्री करून घेतली. मे महिन्याचा चेक टाकायला त्या काकांच्या घरी गेल्या आणि नोंद होईपर्यंत बसून राहिल्या. काकांनी ओळ काढली, जमा मध्ये 4,850 लिहिले आणि पडद्यावर बोट ठेवून वरचं शीर्षक वाचून दाखवलं. आजींनी स्वतः पुढे वाकून ते पुन्हा वाचलं, मग चहा घेतला.

जूनमध्ये ऑडिटर आले. चारही पानं त्यांनी उलटून पाहिली, प्रत्येक पानावर वर रकाने छापलेले, काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ऑडिटरांनी पानं बाजूला ठेवली आणि टँकरच्या पावत्या मागितल्या.